बाईंची लूना आणि चांदबिबीचा महाल

मैत्रिणींनो, नगर जिल्हा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शिर्डी, शनिशिंगणापूर, पावसाळ्यात भंडारदरा. या सगळ्या ठिकाणी जाताना तुम्ही आमच्या नगर शहरावरून जाता, बसस्थानकावर चहा घेता आणि पुढच्या गाडीत बसता. कागदोपत्री आता ते अहिल्यानगर झालं आहे, पण आम्हा माहेरवाशिणींच्या तोंडी अजून नगरच बसलंय, तेव्हा रागावू नका. या शहरात मुक्काम करून काय पाहायचं, असं कुणी विचारलं, तर आजवर मी भुईकोट किल्ला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आणि चांदबिबीचा महाल ही तीन नावं सांगत असे. यंदा त्यात चौथी गोष्ट आली. रविवारी सकाळी सात वाजता किल्ल्यासमोर जाऊन उभ्या राहा.

तिथे काय असतं? जुन्या दुचाक्या! दहा-बारा माणसं आपापली तीस-चाळीस वर्षांची गाडी घासूनपुसून घेऊन येतात. त्यांत निवृत्त कारकून आहेत, एक किराणा दुकानदार आहे, दोन फिटर, एक दातांचे डॉक्टर, एक कॉलेजचा मुलगा. तासभर गाड्यांभोवती उभं राहून बोलतात, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात, मग कुठेतरी चक्कर मारून येतात. बायका नसतात. निदान आम्ही जाईपर्यंत नव्हत्या.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. आणि आईची लूना.

लूना ही नगरची लेक आहे, हे नव्या पिढीतल्या पुष्कळ जणींना माहीत नसेल. फिरोदिया घराणं मूळ नगरचं. कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव हस्तीमल यांनी कायनेटिक कंपनी काढली आणि १९७२ साली लूना आणली. पन्नास सीसीचं इवलंसं इंजिन, गिअर नाही, क्लच दाबायचा नाही, आणि सायकलसारखी पायडलं. पायडल मारायचं, इंजिनाने धरलं की कान पिळायचा. सुरुवातीला किंमत दोन हजारांच्या आसपास होती. आमच्या लहानपणी गल्लीतल्या दर तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी दौंड रस्त्यावरच्या त्या कारखान्यात कामाला असायचं. त्यामुळे लूनाची थट्टा बाहेरच्याने केलेली नगरकराला खपत नाही. घरच्यांनी मात्र यथेच्छ करावी.

आईने लूना घेतली १९८८ साली, माझ्या जन्माआधी दोन वर्षं. आई प्राथमिक शिक्षिका, शाळा नगर–पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावात. सकाळची एस.टी. पकडायची तर घर सहाला सोडावं लागे आणि परतीची गाडी चुकली की अंधार. दादा तेव्हा तीन वर्षांचा. आजी म्हणाली, नोकरी सोड. बाबा काही म्हणाले नाहीत, आणि आमच्या बाबांचं काही न म्हणणं म्हणजे हो की नाही, हे आईला कधीच कळलं नाही. शेवटी तिने पतपेढीचं कर्ज काढलं. पहिल्याच दिवशी पदर मागच्या चाकात गेला आणि ती भिंगारच्या चौकात पडली. कोपर फुटलं, पातळ फाटलं. दुसऱ्या दिवशी पदर खोचून, त्यावर सेफ्टी पिन लावून पुन्हा निघाली. ती पिन पुढे एकोणीस वर्षं लूनाच्या किल्लीच्याच जुडग्यात होती.

तुम्हाला सांगते, त्या लूनावरून काय काय गेलं नसेल! पायांमधल्या जागेत दळणाचा डबा, शाळेच्या खिचडीचे तांदूळ, जनगणनेचे कागद, एकदा गावातल्या अडलेल्या बाळंतिणीला मागे बसवून सरकारी दवाखाना. गावात तिला सगळे ‘लूनाच्या बाई’ म्हणत. गाडी मात्र बाबांच्या नावावर. हप्ते आईच्या पगारातून कापले गेले, पण फॉर्मवर सही बाबांची. गाडी पुरुषमाणसाच्याच नावावर असते, असं तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं, आणि आईचं तोवर लायसेन्सही निघालेलं नव्हतं.

बाबा २०१६ साली गेले. त्याआधीच आईचे गुडघे दुखू लागले होते, लूना जिन्याखाली गेली. २०१८ साली तिची नोंदणीची मुदत संपली ती संपलीच. गेल्या वर्षी दादाने मोटार घेतली आणि जिन्याखालची जागा त्याला हवीशी झाली. भंगारवाला येऊन वजनाने भाव सांगून गेला. मी तेव्हा राहुरीहून चार दिवस माहेरी आले होते. रात्री भांडी विसळता विसळता आई म्हणाली, “द्यायची तर देऊन टाका. पण एकदा माझ्या नावावर करा आणि मग द्या.”

वहिनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. भंगारात घालायची गाडी नावावर कशाला करायची? दादा तर हसलाच. “आई, त्या कागदांना जितके पैसे लागतील तितके भंगारवाला देणार नाही.”

“माझ्या पेन्शनीतून घे,” आई म्हणाली, आणि भांड्यांची टोपली घेऊन आत गेली.

आता कागदांचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल. गाडीचा मालक गेला तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत एकतीस नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. आपण बायका बँकेची पासबुकं, घराचा उतारा, विमा हे सगळं धावपळ करून बघतो आणि दाराशी उभ्या असलेल्या गाडीला विसरतो. उशीर झाला म्हणून दंड पडतो, बाकीच्या वारसांची संमतिपत्रं लागतात. दादाने कुरकुरत का होईना सही केली, मीही केली. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तिची फी दुचाकीला पूर्वी ३०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून १,००० झाली, आणि वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांना २०२५ पासून आणखी वाढली. शिवाय पर्यावरण कर, शिवाय विमा. सगळी बेरीज पहिल्या लूनाच्या किमतीच्या वर गेली. दादाचं गणित बरोबरच होतं म्हणायचं!

पण तपासणीला न्यायची तर गाडी चालू हवी. आणि इथेच ती रविवारची मंडळी आमच्या आयुष्यात आली. वहिनीच्या भावाच्या ओळखीचे एक काका त्यांच्यात होते, सत्तरीचे, स्वतःची १९७४ सालची लूना असलेले. ते येऊन जिन्याखाली उकिडवे बसले, टॉर्च मारला आणि म्हणाले, “वा! सगळी माहेरची आहे.”

मला वाटलं, माझ्याबद्दल बोलताहेत.

तर या मंडळींची भाषाच निराळी आहे. गाडीचा मूळ, कंपनीतून आलेला भाग म्हणजे ‘माहेरचा’, आणि मागाहून दुसऱ्या कुठल्या गाडीचा काढून बसवलेला म्हणजे ‘सासरचा’. नुसता नवा रंग मारून गंज झाकलेली गाडी ‘मेकपवाली’. प्लगवर काजळी धरली की गाडीने ‘काजळ घातलं’, आणि प्लग काढून काचकागदाने घासायचा म्हणजे तिचं ‘तोंड धुवायचं’. पेट्रोल संपलं की ‘उपास लागला’. इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बसवणं, म्हणजे मोठंच काम, त्याला म्हणतात ‘बाळंतपण’. हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग थोडा रागही आला. ज्यांनी जन्मात घरात कधी डिंकाचा लाडू वळला नसेल, त्या पुरुषांना गाडीपुढे बसल्यावर सगळे शब्द आपल्या स्वयंपाकघरातले आणि बाळंतिणीच्या खोलीतले बरे आठवतात! आईला मात्र फार मजा वाटली. ती काकांना म्हणाली, “मग हिचं बाळंतपण माहेरीच करू. किती दिवस लागतील?”

दहा दिवस लागले. टाकीतलं सात वर्षांचं पेट्रोल काढलं, ते डिंकासारखं चिकट झालं होतं. (तुमच्याकडे कुठली गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, एवढं लक्षात असू द्या. आणि चाकांखाली विटा लावून टायर जमिनीपासून उचला.) रबरी नळ्या कडक होऊन तुटल्या होत्या, त्या बदलल्या. त्या तेवढ्या ‘सासरच्या’. मग अंगणात स्टँडवर लावून काकांनी पायडल मारलं. चार वेळा काही नाही. पाचव्या वेळी अशी काही धुराची लोट निघाली की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. लूनाला वेगळी ऑइलची टाकी नसते, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते बरोबर जळतं, म्हणून हा धूर. जास्त झालं की धूर आणि काजळ, कमी झालं की इंजिन आवळतं. आईने बाटलीकडे पाहूनच सांगितलं, “ऑइल जास्त झालंय.” काका वरमले. एकोणीस वर्षं रोज सकाळी ज्या बाईने पंपावर उभं राहून ते मिश्रण करून घेतलं, तिला सांगायला कोण जाणार?

टेंपोत घालून लूना तपासणीला गेली. साहेबांनी चेसिसचा नंबर पेन्सिलीने कागदावर घासून घेतला, आपण लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. तीन आठवड्यांनी कार्ड आलं. आईने चष्मा शोधला, नाव वाचलं, बाबांच्या फोटोखालच्या कपाटात ठेवलं आणि भाजी चिरायला बसली. मला वाटलं, झालं. आता भंगारवाला.

दुपारी चहा घेताना म्हणाली, “एक राहिलंय. रोज त्या महालाखालून जायचे. एकदाही वर गेले नाही.”

चांदबिबीचा महाल नगरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, पाथर्डी रस्त्याच्या कडेच्या डोंगरावर आहे. आईची शाळा त्याच रस्त्यावर पुढे. जाताना घंटा गाठायची, येताना अंधाराआत घर गाठायचं. शाळेची सहल तिथे नेली तेव्हासुद्धा हिला खाली पोरांच्या चपला आणि डबे सांभाळायला बसवलं होतं.

तर असा तो रविवार ठरला. राहुरीहून आमचे हे आणि सासरे, म्हणजे अण्णा, आदल्या दिवशी आले. अण्णांनी बरोबर काय आणलं असेल? चाळीस किलोमीटर, विळद घाट चढून, आपली बजाज चेतक! वय अठ्याहत्तर. हे मागून मोटारसायकलवर जीव मुठीत धरून.

अण्णांच्या बजाजची कथा आमच्या घरी सत्यनारायणाच्या पोथीसारखी दरवर्षी होते. १९७९ साली नंबर लावला, गाडी मिळाली १९८५ साली. तेव्हा तसंच होतं, बजाजला वर्षानुवर्षं थांबावं लागे. लग्नाच्या याद्यांत वरपक्षाकडून बजाजची मागणी व्हायची, आणि मुलीचा बाप नंबर लावून मुलीच्या वाढण्याकडे आणि यादीकडे एकदमच बघत बसायचा. अण्णांनी सासऱ्यांकडून गाडी घेतली नाही, स्वतःच्या पगारातून घेतली, याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्या अभिमानापोटी ते लूनाला गाडीच मानत नाहीत. लग्न ठरताना आमच्या घरी आले होते तेव्हा दाराशी लूना पाहून म्हणाले होते, “ही शिलाई मशीन कोणाची?” आईने चहाचा कप त्यांच्या हातात देत उत्तर दिलं होतं, “माझी. तुमच्या गाडीसारखी आडवी करून झोपवावी नाही लागत, बसल्या बसल्या चालू होते.”

ही आडवी करण्याची भानगड ज्या जणींच्या घरी जुनी बजाज होती त्यांना सांगायला नको. सकाळी चालू होईना की मालक तिला बाजूला कलती करणार, क्षणभर तसाच धरणार, मग सरळ करून किक. किल्ल्यासमोरच्या मंडळींत याला ‘बजाजचा नमस्कार’ म्हणतात. बजाजवाल्यांचं प्रत्युत्तर ठरलेलं असतं. लूनावाल्याला रस्त्यात पायडल मारताना पाहिलं की, “काय, आज सायकल काढली का?” येझदीवाले दोघांनाही हिशेबात धरत नाहीत. त्यांच्या गाडीला किक आणि गिअर यांचा एकच दांडा, उचलून मागे घेतला की किक, खाली पाडला की गिअर. त्याचं प्रात्यक्षिक ते न विचारता दाखवतात. म्हैसूरला ती गाडी १९९६ पर्यंत बनत होती, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले आपापल्या गावी जमतात, तसे हेही बिल्ले लावून जमतात. एक टीव्हीएस फिफ्टीवाला आहे, किराणावालाच तो. दोन माणसांची मोपेड पहिल्यांदा आम्ही आणली, १९८० साली, हे त्याचं पालुपद. ‘आम्ही’ म्हणजे होसूरची कंपनी. या गृहस्थाने होसूर पाहिलेलंही नाही! बुलेट एकच आहे, डॉक्टरांची. ती आली की सगळे हात जोडतात आणि म्हणतात, “आले, पेट्रोलपंपाचे जावई आले.”

भांडण असं कुणाचं होत नाही. बजाजवाल्याची तार तुटली तर लूनावालाच डिकीतून तार काढून देतो, फक्त देताना म्हणतो, “घ्या, सासरची आहे, सांभाळून वागवा.” आपल्यात नाही का, भिशीला जमल्यावर कुणाचा मिक्सर चांगला यावर तासभर वाद घालायचा आणि शेवटी जिचा बिघडलाय तिची चटणी आपल्या मिक्सरमधून काढून द्यायची? तसंच.

मी पुढे, आई मागे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. आईच्या अंबाड्यावर ते बसेना, शेवटी वेणी घातली. चौसष्टाव्या वर्षी वेणी घालून बसलेली आई पाहून येझदीवाल्या मुलाने शिट्टी घातली आणि मग जीभ चावली. निघण्याआधी आईने किल्लीच्या जुडग्यातली ती पिन काढली आणि माझ्या पदराला लावली. मी पंजाबी ड्रेस घातला असता, पण ती म्हणाली होती, “पातळच नेस. मी पातळावरच चालवलीय.”

भिंगार मागे पडलं. लष्कराच्या हद्दीतली ती मोठाली झाडं, सकाळचं ऊन आणि आमच्या मागे डझनभर गाड्यांचा निरनिराळा आवाज. रणगाडा संग्रहालयाचा विषय निघाला तेव्हा काकांनी मघाशी सांगितलं होतं की १९९४ साली ते सुरू झालं, त्यातही गाड्यांचंच कौतुक. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडीसुद्धा तिथे उभी आहे. फौजी लोकही आपापल्या रणगाड्यावरून असेच एकमेकांना डिवचत असणार, असं त्यांचं मत. असतीलही. मला तेव्हा पुढच्या चढाची काळजी होती.

हमरस्ता सोडला आणि वळणांचा चढ सुरू झाला. पहिलं वळण लूनाने घेतलं. दुसऱ्यावर आवाज जड झाला. तिसऱ्यावर ती अशी काही हळू चालू लागली की बाजूने चालणारे दोन माळकरी आजोबा आमच्या पुढे गेले. गाडीचा दोष नाही हो, पन्नास सीसीने दोन बायकांना किती ओढायचं? मागून अण्णांची बजाज. त्यांना इतक्या हळू चालवता येईना, पुढेही जाववेना. पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. मला वाटलं आता ‘शिलाई मशीन’ ऐकावं लागणार.

“उतरू का?” आई म्हणाली.

“नको.”

“मग पायडल मार. लाजतेस काय? ती पायडलं कशाला दिलीत?”

मी पायडल मारू लागले. पातळ गुडघ्याशी आवळत होतं, पिन ताणली गेली, दम लागला. काय सांगू, शाळेत पोरांना ‘प्रयत्नांती परमेश्वर’ लिहून देणारी मी, मनात म्हणत होते की कुठून ही हौस केली! तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, “सूनबाई, थांबू नको, थांबलीस तर पुन्हा उचलायची नाही! विहीणबाई, पुढे सरका, वजन पुढे घ्या!” जन्मभर बजाज चालवलेला माणूस लूनाला रस्ता सांगत होता. आई पुढे सरकली, मला घट्ट धरून बसली, आणि आम्ही वर पोचलो. मागच्यांनी हॉर्न वाजवून नुसता गोंधळ घातला.

महाल म्हणतात खरा, पण ती कबर आहे. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची. अष्टकोनी, दगडी, तीन मजल्यांची. रंग नाही, नक्षी नाही, नुसत्या कमानी आणि त्यांतून येणारा भणाण वारा. चांदबिबीचा याच्याशी काही संबंध नाही. सलाबतखान वारला १५८९ साली, आणि तिने मोगलांपासून नगरचा किल्ला लढवला तो १५९५–९६ मध्ये. १६०० साली तिला तिच्याच माणसांनी मारलं. तरी चारशे वर्षं लोक याला चांदबिबीचाच महाल म्हणतात, सलाबतखानाचं नाव फक्त पाटीवर. मी हे आईला सांगितलं. ती कमानीत बसली होती, खाली वळत गेलेला पाथर्डीचा रस्ता बघत. म्हणाली, “हो, माहितीय. चौथीच्या पोरांना मीच सांगायचे.” मग बोटाने दाखवू लागली. तिथे एकदा चाक फुटलं होतं, त्या तिथे पावसात अडकले होते, ते झाड तेव्हा एवढंसं होतं.

डबे उघडले. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, वहिनीने गुळाच्या पोळ्या. खाता खाता पुन्हा वाद पेटला, लूना वर आली ती इंजिनाने की पायडलाने. लूनावाले काका एरवी मवाळ, पण त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हणाले, “अण्णा, तुमच्या बजाजचं मूळ माहेर कोणतं?”

“आकुर्डी,” अण्णा म्हणाले.

“त्याच्या आधी?”

अण्णा गप्प. बजाज आधी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे, तो करार १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली, तीही व्हेस्पाच्याच बेतावर. आणि लूना? तीसुद्धा त्याच पियाजिओच्या चाओ नावाच्या मोपेडवरून बेतलेली. दोघी एकाच घरच्या, आणि बाहेर पडल्या त्याही एकाच साली, १९७२.

“म्हणजे मावसबहिणी निघाल्या की!” आई म्हणाली.

अण्णांनी धपाट्याचा घास संपवला, पाणी प्यायले. “असतील. पण थोरली आमचीच,” म्हणाले.

पुढचं सांगायचं तर डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, लूना द्याल का? त्यांना बुलेटशेजारी एक ‘माहेरची’ लूना हवी होती. रक्कम सांगितली ती भंगारवाल्याच्या दहापट होती. काकांनीही हळूच भर घातली की अजून बारा-तेरा वर्षं थांबलात तर पन्नास पुरी होतील. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा नंबर मिळतो. त्याची फी मात्र वीस हजार. “वीस हजारांत तेव्हा दहा लूना आल्या असत्या,” हे त्यांचं नेहमीचं रडगाणं. त्यांची गाडी पन्नाशी ओलांडून बसली आहे आणि फी भरायला मन होत नाही.

दादा आईकडे बघत होता. दहापट म्हणजे मोटारीचा एक हप्ता सहज निघाला असता, आणि त्याच्यावर हप्त्यांचा बोजा आहे, तेही खोटं नाही. आईने डॉक्टरांना सांगितलं, “माझ्या नावावर होऊन अजून महिना झाला नाही. बघू.” आणि मग दादाला, सगळ्यांसमोर नाही, उतरताना, “जिन्याखालची जागा तुझी. उद्या रिकामी करून देते.”

लूना आता राहुरीला आहे, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अण्णांच्या बजाजला लागून. कार्ड आईच्याच नावाचं आहे आणि ते तिच्याच कपाटात आहे. मला चालवायला लागलं की फोटोची प्रत दाखवते. माझी शाळा घरापासून दोन किलोमीटरवर, चढ नाही, मंगळवार-गुरुवारी तिच्यावरून जाते. पोरं फाटकाशी वाट बघत असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत बॅटरीवरची नवी लूनाही बाजारात आली आहे, त्यामुळे धाकटी पोरं विचारतात, “बाई, हिला चार्जिंग कुठून करतात?”

अण्णा दोन्ही गाड्यांवर एकच ताडपत्री घालतात. लूना आतल्या बाजूला, भिंतीकडे. बजाजचं नाक जरा बाहेरच राहतं. रविवारी सकाळी आईचा फोन येतो. माझी चौकशी नंतर, नातवांची त्याहून नंतर. आधी विचारते, “तिचं तोंड धुतलंस का?”